एका कार्डावरची दोन माणसं

थकवा हा विचार करणाऱ्या माणसाचा आजार आहे. माणूस जितकं जास्त वाचतो, पाहतो आणि मनाला लावून घेतो, तितका तो आतून झिजत जातो. ज्याला कशाचंच काही वाटत नाही, तो ऐंशीव्या वर्षीही आठवडी बाजारात पिशवी घेऊन ताठ चालतो. हे मत माझं स्वतःचं आहे. सत्तावन्नाव्या वर्षी, ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला तेव्हा, मी ते दुपारी पलंगावर पडून तयार केलं. पलंगावर मतं चांगली सुचतात, शिवाय चहा जागेवर येतो.

त्या वर्षी आमच्या घरात दोनच माणसं होती, मी आणि बायको. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेलेली. या दोघांपैकी एकाच्या अंगात रक्त फार कमी होतं. कोणाच्या, हे कळायला दोन महिने लागले.

मी गंगाखेडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. परीक्षेच्या आधी पंधरा दिवस मुलं गाईड मागायला येतात आणि उरलेलं वर्ष मी वाचत बसतो. या कामानं कोणी थकत नाही, असं माझे सहकारी म्हणतात. पण मी थकत होतो. सकाळी उठताना पाय जड, दुपारी डोळे मिटायचे, संध्याकाळी कशातच राम नाही. तीन महिने असं चालल्यावर बायको म्हणाली, "आता दवाखान्यात चला. रोज रोज नुसतं म्हणून काय होणार हाय?"

आमचा दवाखाना जुन्या बाजारपेठेत आहे. डॉक्टर सत्तरीला आलेले, हात हलका, आवाज मोठा. त्यांच्या केबिनच्या भिंतीवर सत्काराचे फोटो आहेत. प्रत्येक फोटोत डॉक्टरांच्या अंगावर नवी शाल आहे, हातात नारळ आहे आणि चेहऱ्यावर तोच संकोच आहे. इतक्या वर्षांत शाल बदलत गेली, संकोच मात्र जसाच्या तसा टिकला. मी वाट पाहताना एकदा नारळ मोजले होते, अकरा भरले.

या दवाखान्याच्या दोन पद्धती सांगायला हव्यात, नाहीतर पुढचं कळणार नाही. पहिली अशी की इथं माणसाचं कार्ड नसतं, घराचं असतं. घरातल्या कर्त्या माणसाच्या नावानं एक जाड पिवळं कार्ड, आणि त्या घरात ज्याला कोणाला खोकला, जुलाब, विंचू, जे काही होईल ते त्याच कार्डावर. डॉक्टर सत्काराच्या भाषणात हे नेहमी सांगतात. "माणूस एकटा आजारी पडत नसतो, घर आजारी पडतं." टाळ्या पडतात. रोजच्या व्यवहारात याचा अर्थ एवढाच, की कंपाउंडर दारात उभा राहून एखाद्या मिशीवाल्या पाटलाचं पूर्ण नाव पुकारतो आणि कोपऱ्यातून पदर सावरत एक बाई उठते. कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. बाईलाही नाही.

दुसरी पद्धत बाकाची. वेळ वाचावा म्हणून डॉक्टर केबिनमध्ये एका वेळी तिघांना आत घेतात. एकाला तपासताना दोघं शेजारी बाकावर बसलेले. त्यामुळे आमच्या गावात कोणाला मूळव्याध आहे हे कोणी कोणाला सांगावं लागत नाही.

त्या दिवशी माझ्या आधी आत बसलेल्या एका माणसाला सलाईन हवं होतं. डॉक्टर म्हणत होते, गरज नाही, गोळ्यांनी बरं वाटेल. तो म्हणाला, "गोळ्या हायतच की. पर इतक्या लांबून आलोय, एक लावा. घरी काय सांगू?" डॉक्टरांनी लावायला सांगितलं. मग माझी पाळी आली. मी थकव्याचं सविस्तर वर्णन केलं. सविस्तर म्हणजे बाकावरचे दोघं पेंगायला लागले. बायको माझ्या मागे भिंतीला टेकून उभी होती. खुर्ची होती, पण तिच्यावर औषध कंपनीच्या माणसाची बॅग होती.

"रक्त तपासू," डॉक्टर म्हणाले. मग चष्म्यावरून मागे बघून, "वहिनींचंही करून टाका. आलाच आहात तर."

आलाच आहात तर. तिच्या बऱ्याच तपासण्या आयुष्यभर याच न्यायानं झाल्या.

प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर. एक खोली, एक स्टूल आणि एक मध्यमवयीन गृहस्थ, जे मान वर न करता काम करतात. जिना चढून गेल्यावर बायको दाराशी थोडी थांबली, भिंतीवर हात ठेवून. मला वाटलं, ती आत कोणी आहे का बघते. त्या गृहस्थांनी स्टुलाकडे बोट केलं. मी म्हणालो, "आधी हिचं घ्या." ते म्हणताना माझ्या आवाजात जरा मोठेपणा आला होता हे मला आठवतं. खरं कारण सुई. तिचं रक्त काढेपर्यंत मी खिडकीतून खाली उसाच्या ट्रॉल्या बघत राहिलो. मग माझं काढलं. त्यांनी पिवळ्या कार्डावरून नाव उतरवलं, दोन्ही बाटल्यांवर चिकटवलं आणि कोपऱ्यात पेनानं एक आणि दोन असे आकडे टाकले.

दुसऱ्या दिवशी नळाला पाणी यायचं होतं. आमच्याकडे पाणी आठवड्याला येतं आणि येतं तेव्हा कोणीतरी घरी लागतं. म्हणून ती थांबली आणि रिपोर्ट आणायला मी एकटा गेलो. दोन कागद मिळाले. दोन्हींवर माझं नाव, माझं वय, लिंग पुरुष. एकावर हिमोग्लोबिन सहा पॉइंट आठ, दुसऱ्यावर चौदा पॉइंट सहा. कंपाउंडरनं ते कार्डाला टाचून डॉक्टरांपुढे ठेवले.

डॉक्टरांनी पहिला कागद वाचला आणि त्यांचा मोठा आवाज एकदम लहान झाला. त्यांनी मला विचारलं नाही, की हा कोणाचा. मीही विचारलं नाही. दोघांपैकी थकलेला मी होतो; तीन महिने मीच ते सांगत होतो. वाईट कागद माझा, यात शंका घेण्यासारखं कोणालाच काही दिसलं नाही. ते उठले, माझी खालची पापणी अंगठ्यानं ओढली, टॉर्च मारला आणि म्हणाले, "आहे. पांढरं फटक आहे."

बाकावरचे दोघं पुढे झुकले.

"हाव," एकजण म्हणाला, "पांढरंच हाय."

"संडासवाटे रक्त जातं का?"

"नाही."

"काळं?"

"लक्ष दिलं नाही."

"द्या. पुरुषाचं रक्त इतकं कमी होत नसतं. जातंय कुठं, हे शोधावं लागेल. गोळ्या सुरू करा. दोन महिन्यांनी परत तपासू. वाढलं नाही तर नांदेडला जाऊन दुर्बिणीतून पोट बघून घ्यायचं." मग दुसरा कागद उचलून ते जरा खुलले. "वहिनी मात्र ठणठणीत. चौदा सहा. पुरुषाला लाजवील असं रक्त आहे."

ते पुरुषाचंच होतं, पण त्याला लाज वाटायला अजून दोन महिने होते.

घरी येऊन मी सांगितलं. बायको पाणी भरून नुकतीच बसली होती. ती उठली आणि माझ्यासाठी पलंगावर दुसरी उशी ठेवली. तिथून पुढचे दोन महिने आमच्या घरात लोहाची मोठी मोहीम चालली. सकाळी खजूर. जेवणात शेवग्याच्या पाल्याची भाजी, बीट, काळे तीळ. दुपारी गूळ-शेंगदाणे. डाळिंब सोलून, दाणे वाटीत, चमच्यासकट. मी म्हणायचो, तूही घे. ती म्हणायची, "मला काय धाड भरली हाय? चौदा हाय माझं. तुमच्या अंगी लागू द्या." गुरुवारी तिचा उपवास असे. मला बरं वाटावं म्हणून तिनं सोमवारही धरला.

मला भीती वाटत होती, हे लपवण्यात अर्थ नाही. नांदेड हा शब्द मी मनातल्या मनात फार वेळा उच्चारला. पुस्तकांची यादी केली, कोणती कॉलेजला द्यायची, कोणती मुलीला. विमा, पेन्शन, बँकेतला वारस, सगळे कागद एका पिशवीत घातले. आयुष्याकडे बघण्याची माझी दृष्टी या काळात फार उदात्त झाली होती. उदात्त माणसाला पाण्याचा हंडा उचलायला सांगणं कोणालाही अवघड जातं, त्यामुळे हंडे तीच उचलत राहिली.

गच्चीवरच्या टाकीपर्यंत आमच्याकडे सतरा पायऱ्या आहेत. ती मधेच थांबायची. पलंगावरून मला तिची फक्त पावलं दिसत. मला वाटायचं, शेजारच्यांचं भांडण ऐकते आहे. शेजारी भांडतातही, त्यामुळे संशयाला जागा नव्हती. शिवाय ती सारखं काहीतरी चघळायची. एकदा विचारलं तर म्हणाली, तांदूळ. कच्चे तांदूळ पदराच्या गाठीत असायचे. मी पुस्तकात बोट ठेवून म्हणालो, "दात जातील." आजही त्या वाक्याची आठवण झाली की मला कुठंतरी उठून जावंसं वाटतं.

दोन महिने संपले. मी रक्त देऊन आलो, यावेळी एकटा, त्यामुळे आधी कोणाचं घ्या वगैरे प्रश्न आला नाही. रिपोर्टच्या दिवशी मात्र ती बरोबर आली. "काय निघंल ते निघंल, दोघं ऐकू," म्हणाली. पाकीट बंद होतं. मी ते उघडलं नाही. बाहेरच्या बाकावर आम्ही बसलो. तिच्या शेजारी नदीपलीकडच्या खेड्यातली एक म्हातारी होती, हातावर गोंदण, गुडघ्याला फडकं बांधलेलं. ती बराच वेळ माझ्या बायकोच्या हाताकडे बघत होती.

"काय खायलीस गं माय?"

"काही न्हाई मावशी. तांदूळ."

"कवापासून?"

"झालं की वरीस."

"माती खावी वाटती का? पहिल्या पावसातल्यावानी वास येतो का नाकात?"

बायकोनं माझ्याकडे चोरून पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली. मी ऐकत नाही असं दाखवलं. ऐकत नाही असं दाखवणं मला चांगलं जमतं.

म्हातारीनं तिचा पंजा हातात घेतला, उलटा केला, नखं दाबली. "रगत न्हाई तुज्या अंगात," ती म्हणाली, जसं कोणी भाजीत मीठ नाही म्हणावं तसं.

"हाय मावशी. तपासलंय. चौदा हाय. कमी ह्यांचं हाय."

म्हातारीनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. दोन महिन्यांच्या डाळिंबांनी माझ्या गालावर तेज आलं होतं. "ह्यांचं?" ती म्हणाली आणि परत बायकोच्या नखांकडे वळली. ते वळणं मला झोंबलं.

कंपाउंडरनं माझं नाव पुकारलं. पाठोपाठ म्हातारीच्या मुलाचं आणि आणखी कोणाचं तरी. आम्ही सगळे आत गेलो. डॉक्टरांनी पाकीट फाडलं आणि त्यांचा चेहरा फुलला.

"चौदा आठ," त्यांनी जाहीर केलं. "सहा आठवरून चौदा आठ. नुसत्या गोळ्यांवर." त्यांनी कंपाउंडरला बोलावून कागद दाखवला. मला उभं राहायला सांगितलं, बाकावरच्यांना नीट दिसावं म्हणून. "याला म्हणतात पथ्यपाणी. नांदेड नको, काही नको." भिंतीवरच्या अकरा फोटोंत बाराव्याची जागा कुठं होईल हे मलाही क्षणभर दिसलं. बायकोनं डोळ्याला पदर लावला. ती हसत होती. दोन महिन्यांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

"डाक्टरसाहेब," म्हातारी बाकावरून म्हणाली, "मालकाचं बगितलं. आता बाईचं बगा की."

"वहिनींचं आधीच बघितलंय मावशी. उत्तम आहे."

"आसंल. जरा नख बगा."

"मावशी, तुमचा गुडघा बघू या आपण."

"गुडघा कुठं जातोय? बसलाय हितंच."

डॉक्टरांना घाई होती, पण बाकावरचे सगळे आता माझ्या बायकोकडे बघत होते. ते नाइलाजानं उठले. तिची पापणी ओढली. टॉर्च मारला. मग दुसऱ्या डोळ्याची पापणी ओढली. टॉर्च बंद केला आणि पुन्हा लावला. नखं पाहिली. नाडी धरून बराच वेळ उभे राहिले. या वेळी ते "पांढरं फटक" म्हणाले नाहीत. पिवळं कार्ड ओढून त्यांनी मागचे दोन कागद काढले, शेजारी शेजारी ठेवले आणि कोपऱ्यातल्या पेनाच्या आकड्यांवर बोट टेकवलं.

वरच्या गृहस्थांना खाली बोलावलं गेलं. त्यांनी सोबत वही आणली होती. पान उलटून ते मान वर न करता म्हणाले, "एक नंबर बाईंचा. सरच म्हणाले होते, आधी हिचं घ्या."

केबिनमधली सगळी माणसं माझ्याकडे वळली.

"मग कागदावर पुरुष कसं?" डॉक्टरांनी विचारलं.

"कार्डावर तसंच असतं साहेब. घराचं कार्ड."

डॉक्टर खाली बसले. मग त्यांनी असं काही केलं जे मी त्या दवाखान्यात तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांनी केबिन रिकामी करायला सांगितली. म्हातारी उठली, तिच्याबरोबर आलेला मुलगा उठला, औषध कंपनीचा माणूस बॅग घेऊन उठला. मी जागचा हललो नाही.

"सर, तुम्हीही जरा बाहेर थांबा."

मी बाहेर थांबलो. पडद्यातून शब्द कळत नव्हते, फक्त तिचा आवाज येत होता, एकसारखा, न थांबता. माझ्याशी ती इतकं सलग कधी बोलली नसेल. पुढे डॉक्टरांनी मला सांगितलं ते थोडक्यात असं: वर्षभर तिची पाळी महिन्यातले बारा-बारा दिवस थांबत नव्हती. वय झालं, असंच असतं, असं तिनं धरलं होतं. सांगावं म्हणून वर्षभरात तीनदा ती या दवाखान्यात आली होती, माझ्याबरोबर, माझ्याच कुरबुरींसाठी. तिन्ही वेळा बाकावर दोन पुरुष बसलेले होते.

म्हातारी बाकावर गुडघा चोळत बसली होती, मी तिच्या शेजारी उभा होतो.

"तुमचं काय दुखतंय?" तिनं विचारलं.

"काही नाही. थकवा येतो."

"मंग बसा की," ती म्हणाली.

परभणीच्या एका डॉक्टरीणबाईंकडे तिला चार दिवस ठेवावं लागलं. रक्ताच्या दोन पिशव्या चढल्या. गर्भाशयात गाठ निघाली, साधी होती. ती साधी आहे असा कागद यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मी एकही उदात्त विचार केला नाही. पाणी आलं त्या दिवशी सतरा पायऱ्या हंडा घेऊन चढलो आणि सातवीवर थांबलो. शेजारी भांडत नव्हते.

ती घरी आल्यावर एका दुपारी मी विचारलं, "इतका त्रास होत होता, तर मला तरी सांगायचंस."

ती डाळिंब खात होती. सोललं मी होतं, वाईट सोललं होतं. "सांगणार काय? कागदावर चौदा होतं," ती म्हणाली. "पायरी चढवत नव्हती. मला वाटलं, मला आळस आला."

तिच्या रक्ताला माझं नाव मिळालं तसं माझ्या आळसाला तिनं स्वतःचं नाव दिलं होतं, आणि दोन्ही वेळा कोणी तक्रार केली नव्हती.

मे महिन्यात तिचं रक्त अकरा पॉइंट दोन झालं. तो कागद घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तिचं वेगळं कार्ड करायला लावलं. इतकी वर्षं तिला ओळखणाऱ्या कंपाउंडरनं पेन उघडून विचारलं, "नाव काय घालू वहिनींचं?" तिनं सांगितलं. त्यानं लिहिलं. मागच्या बाकावर नेहमीप्रमाणे दोघंजण बसले होते. केबिन रिकामी करण्याचा प्रकार पुन्हा झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

डॉक्टर तिच्यावर खूश होते. भिंतीवर फोटो लावण्यासारखं यात काही नव्हतं, तरी खूश होते. उठता उठता ती म्हणाली, "डाक्टरसाहेब, आता ह्यांचं बी एकदा बघा. अजून थकवा येतो म्हणतात. रात्री बेरात्री उसासे टाकतात."

मला बसायला सांगितलं. मी चेहरा शक्य तितका गंभीर ठेवला. बाकावरचे दोघं पुढे झुकले. डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली, आकड्यांकडे बघत ती सावकाश सोडली आणि पट्टा काढून ठेवला.

एकशेवीस-ऐंशी.